‘बारीक’ आवाज म्हणजे नेमका कोणता?

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा आला की आपली बोलीच आडवी येते. ‘टीव्ही बारीक कर’ म्हणताना आपल्याला तीव्रता कमी हवी असते; डासाची गुणगुण ‘बारीक’ असते ती मात्र उच्चनीचतेने, म्हणजे सूर चढा असल्याने. म्हणून मी आधी वर्गात पेटी नेते. एकच पट्टी दाबून भाता जोरात हलवला की आवाज मोठा होतो, सूर तोच राहतो. उजवीकडची पट्टी दाबली की सूर चढतो. मुलांना व्याख्या लिहून द्यावीच लागत नाही.

मग मोबाइलवरचे सूर. पुस्तकात माणसाची श्रवणमर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतकी कंपने; कंपने जितकी जास्त तितका सूर चढा. १५,००० ला वर्गभर हात वर होते. मला, वय ५४, काहीच ऐकू आले नाही. मुले अवाक झाली.

यंदा हळू आवाजातल्या एकाही सुराला एका मुलीचा हात वर आला नाही. डॉक्टरांनी पाहिले, तिचे दोन्ही कान वाहत होते. ‘लक्ष देत नाही’ म्हणून मी तिला वर्षभर रागावले, ते मनातून जात नाही.

हा धडा जूनमध्येच घ्यावा, गणपतीत मुले डीजेच्या भिंतीपुढे नाचायला जाण्याआधी.

– एक विज्ञान शिक्षिका, जि. सातारा