परतीचं तिकीट काढू नका

प्रिय आई-बाबा,

फोन रोज होतोच, पण फोनवर आईचं "जेवलीस का" आणि बाबांचं "पाऊस किती" याच्यापुढे आपलं बोलणं सरकतच नाही, तेवढ्यात दादाची पोरं फोन ओढून घेतात, म्हणून एकदाचं सगळं टाईप करून पाठवतेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, तेव्हा चष्मा कुठे ठेवलाय ते शोधत बसू नका.

आधी घराचं सांगते म्हणजे बाबांचा जीव भांड्यात पडेल. कौलं मे महिन्यातच चाळून घेतली, फुटकी बदलली, पडवीत आता गळत नाही. माजघरात मात्र कोपऱ्यात एक जागा अजून ठिबकते, तिथे टोप ठेवलाय. लाईट जाते, पण इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि वायफाय चालतं, ऑफिसवाल्यांना पत्तापण लागत नाही. मीटिंगमध्ये मागे बेडूक ओरडतात तेवढं सोडलं तर.

आता खरं सांगायचंय ते. इथे परत आले तेव्हा मला वाटलं होतं आपलं गाव आहे, त्यात नवीन काय बघायचं. पण बाबा, मला रत्नागिरी माहीतच नव्हती हो. बारावीपर्यंत माझं गाव म्हणजे शाळा, क्लास, मारुती मंदिर आणि रविवारी मांडवीला भेळ. गणपतीपुळ्याला आलेला पाहुणा दोन दिवसांत जेवढं बघून जातो तेवढंपण आपण कधी बघितलं नाही, कारण आपण इथलेच ना, कधीपण जाऊ. कोणी आलं की त्यांना मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा दाखवायचा, भाट्याच्या पुलावरून एक चक्कर मारायची, झालं दर्शन.

त्यात बाबांचे फोनवरचे पत्ते. "रहाटाघरच्या अलीकडे उतर, तिथे सायकलवाला होता ना, त्याच्या बाजूच्या गल्लीत." सायकलवाला कधीच गेला, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे, आणि उतर म्हणजे कशातून उतर, मी स्कूटरवर असते. पण बाबा, तुमच्या एसटीच्या स्टॉपच्या हिशोबाने विचारलं ना की रिक्षावाल्यांतले म्हातारे बरोब्बर सांगतात. तरण्यांना गुगल लागतो. आणि हो, स्टँड नवीन झालंय, तुम्ही बघाल तेव्हा पाच-दहा तरी चुका काढाल याची मला खात्री आहे.

आईची ओळख मात्र मार्केटमध्ये अजून चालते. मी टाकळ्याचा वाटा घ्यायला वाकले, तर ती भाजीवाली काकू आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग, "कोणाची गं तू?" बंगलोरला इतकी वर्षं राहिले, तिथे सगळे कुठे काम करतेस ते विचारायचे, कोणाची ते कोणी विचारलं नाही. मी आईचं नाव सांगितलं तर म्हणाली, बाईंची होय, माझ्या थोरल्याला बाईंनीच दुसरीत शिकवलं, आणि वर दोन फागलं पिशवीत टाकली. पैसे घेईना. आई, तू त्या थोरल्याला मारलं होतंस म्हणे, पाढे येत नव्हते म्हणून. आता त्याची ट्रॉलर आहे मिरकरवाडा बंदरात. सध्या मासेमारीची पावसाळी बंदी आहे, 31 जुलैपर्यंत सगळ्या बोटी ताडपत्री घालून उभ्या, त्यामुळे खाडीतलं जे काय मिळेल ते खायचं, आणि खाडीच्या मासळीचे भाव ऐकलेत तर तुम्ही ठाण्यातच बरे म्हणाल.

थिबा पॅलेसला गेले होते, एकटीच, भर पावसात, आत दुसरं कोणी नव्हतं. शाळेच्या सहलीत आम्हाला रांगेत आत नेऊन रांगेत बाहेर काढलं होतं, एवढंच आठवत होतं. यावेळी नीट वाचत वाचत फिरले. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं आणि हा राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, राजा गेला 1916 ला. म्हणजे आपण ज्याला थिबाचा राजवाडा म्हणतो त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला, आधीची सगळी वर्षं इंग्रजांनी दिलेल्या बंगल्यांत, आणि मंडालेला परत जाणं काही झालंच नाही. पण मला राजापेक्षा टुटूचं जास्त वाटलं. थोरल्या राजकन्येची मुलगी, ब्रह्मदेशच्या राजाची सख्खी नात, आणि ती इथेच वाढली, इथेच लग्न, पोरंबाळं, आपल्यासारखं मराठी बोलायची. तिला कोणी विचारलं असेल का, कोणाची गं तू? काय सांगत असेल ती? मी थिबा पॉइंटवर छत्री धरून हाच विचार करत बसले, खाली काजळी नदी पार लाल झालेली, समोर भाट्याचा पूल, आणि छत्री उलटी झाली तेव्हा घरी आले.

आणि बाबा, उक्षीला गेले. तुम्ही सांगायचात ना, सड्यावर गुरं चारायला जायचात तेव्हा कातळात रेघा दिसायच्या आणि आजी म्हणायची पांडवांनी काढल्यात, त्याच्यावर पाय देऊ नको. तेच हे. आता त्याला कातळशिल्प म्हणतात, हजारो वर्षांपूर्वीची आहेत म्हणे, आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आपल्याकडची उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ अशी ठिकाणं गेलीत. उक्षीचा हत्ती भला मोठा आहे. जांभ्या दगडात खोदलेल्या रेघांत पावसाचं पाणी साचलेलं, त्यामुळे आख्खा हत्ती पाण्याने काढल्यासारखा दिसत होता. मला सारखं वाटत होतं तुमच्या त्या सड्यावरच्या रेघापण कोणीतरी जाऊन बघायला पाहिजेत. जागा फक्त तुम्हालाच माहिती आहे. मला फोनवर सांगू नका, परत तो सायकलवाला निघेल.

सगळं गोड गोडच लिहितेय असं नाही. मारुती मंदिरच्या सर्कलला संध्याकाळी गाडी काढणं म्हणजे शिक्षा आहे, नाचणे रोडला बिल्डिंगा इतक्या झाल्यात की मधली आंब्याची कलमं कुठे गेली ते शोधावं लागतं, आणि हायवेबद्दल तर मी बोलतच नाही, तुम्ही ट्रेननेच या. मला पहिले काही आठवडे खूप एकटंपण वाटलं, नऊ वाजता गाव झोपतं आणि मी जागी. आता सवय झाली. शेजारच्या वहिनी रोज काही ना काही वाटीत घालून आणतात, रिकामी वाटी परत द्यायची नाही हे आईने शिकवलेलं असल्यामुळे मी घावणे शिकले. पहिले दोन तव्यालाच चिकटतात, पुढचे जमतात.

तर मुद्दा असा. गणपतीला यायचं मांडवी एक्सप्रेसचं तिकीट दादाने काढलंय, दोन्ही लोअर बर्थ मिळालेत, पावसाळी टाईमटेबल असल्यामुळे गाडी रमतगमत येईल तेवढं धरून चाला. परतीचं बुकिंग या आठवड्यात उघडेल, आता 60 दिवस आधीच उघडतं. ते काढू नका. दरवर्षी गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी बॅगा भरता, मखर सोडवायलापण थांबत नाही. यावेळी दसऱ्यापर्यंत राहा. सप्टेंबरात सडा फुलतो, सीतेची आसवं, तेरडा, सगळं. तोपर्यंत मासळीपण सुरू झालेली असेल, थोरला म्हणालाय बाईंना पहिल्या जाळ्यातली सुरमई घरपोच.

बाथरूममध्ये दांडी बसवून घेतलीय, कमोडपण केलाय, ओटीवर चढायच्या पायऱ्यांना कठडा पुढच्या आठवड्यात होईल. बाबांच्या गोळ्या इथे मिळतात, मी प्रिस्क्रिप्शन दाखवून विचारून आले, फक्त बीपीची एक गोळी दोन दिवस आधी सांगावी लागते, म्हणून येताना तिचीच महिन्याची घेऊन या. बाकी काही आणू नका. आई, डाळ-तांदूळ तर अजिबात आणू नकोस.

तुमची,
सोनी

ता.क. दादाला सांगा चिडू नको म्हणून, त्याच्याशी मी बोलते.