दालियानचा उजवा बॅक

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास, "एवढा अवाढव्य चीन, पण एक तरी फुटबॉलपटू सांग बघू!" तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली म्हणून सुटलास. आता सावकाश ऐक. सुन जिहाई. उजवा बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, गरज पडली तर डावा, आणि मधली फळी उघडी पडली तर तिथेही. अशा माणसाची पोस्टरं कुणी लावत नाही, म्हणून तुझ्या ध्यानात राहिला नसेल.

जन्म 1977चा, गाव दालियान. ईशान्येचं हे बंदर म्हणजे चिनी फुटबॉलचं कोल्हापूरच समज. तिथल्या वांडा संघाने 1994 ते 1998 या पाच हंगामांत चार वेळा लीग जिंकली. त्याच संघातून 1998 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबने सुनला उचललं, सोबत शांघायचा फान झियी. चीनच्या राष्ट्रीय संघातून इंग्लंडच्या लीगमध्ये गेलेले हे पहिले दोघे. पण क्लबच्या तिजोरीत लवकरच खडखडाट झाला. फान टिकला, पुढे कप्तानही झाला. सुन मात्र वर्षभरात घरी परतला. दुसरा असता तर "इंग्लंड बघून आलो" एवढ्यावर जन्म काढला असता.

फेब्रुवारी 2002मध्ये प्रशिक्षक केव्हिन कीगनने त्याला मँचेस्टर सिटीत आणलं, सुमारे 20 लाख पौंडांना. ही आजची श्रीमंत सिटी नव्हे हं! दुसऱ्या श्रेणीतून वर यायला धडपडणारा संघ होता तो, मैदान जुनं मेन रोड. त्याच हंगामात सिटी वर, म्हणजे प्रीमियर लीग या पहिल्या श्रेणीत आली, आणि ऑक्टोबर 2002मध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध सुनने गोल मारला. प्रीमियर लीगमधला चिनी खेळाडूचा हा पहिला गोल. बॅकच्या नावावर!

या दोन्हींच्या मधल्या उन्हाळ्यात 2002चा वर्ल्डकप होता. चीन त्यात एकदाच खेळला आहे, तो हाच. पहिल्याच सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध सुनला दुखापत झाली आणि अर्धा तासही झाला नसताना तो बाहेर आला. चीन तीनही सामने हरला, एकही गोल न करता. तो असता तर गटातल्या ब्राझीलला रोखलं असतं, असं मी म्हणणार नाही. तरी ऐन पंचविशीतल्या माणसाच्या वाट्याला वर्ल्डकपची जेमतेम 26 मिनिटं यावीत, हे काही पटत नाही.

1 जानेवारी 2003चा एव्हर्टन–सिटी सामना तर वेगळंच प्रकरण. इकडे सुन, तिकडे चीनचाच मधल्या फळीतला ली टिए. चीनमध्ये तो सामना 36 कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, असं तेव्हा छापून आलं होतं. आकडा फुगवलेला असेल, अर्धा धर हवा तर. सामना 2-2 सुटला. ली टिए एव्हर्टनला आला तो एका चिनी मोबाइल कंपनीच्या प्रायोजकत्वासोबत. सुनसाठी मात्र सिटीने रोख पैसे मोजले होते. मला हा फरक मोठा वाटतो. 2004मध्ये सुनचा गुडघा गेला, अख्खा हंगाम बुडाला, तरी परत येऊन 2008पर्यंत तो तिथेच होता. लीगचे सव्वाशेच्या वर सामने खेळला. जाहिरातीसाठी आणलेल्याला कुणी एवढं खेळवत नाही रे.

आता तुझा आक्षेप मला ठाऊक आहे. ऑक्टोबर 2015मध्ये त्याला इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, नेमके शी जिनपिंग मँचेस्टरला येणार तेव्हाच. इंग्लंडमध्ये यावर भरपूर टिंगल झाली. योग्यच झाली; तो मान राजकारणाचा होता, आणि त्या यादीतल्या नावांशेजारी त्याचं नाव खटकतंच. पण मान फुकटचा होता म्हणून ती सहा वर्षंही फुकटची ठरवायची का? तिथे मी तुझ्याशी भांडणार.

चीनला परतल्यावर पस्तिशी ओलांडल्यावरही खेळत राहिला. 2013मध्ये ग्वेइचौ रेन्हेकडून चीनचा एफए कप जिंकला, 2016मध्ये थांबला. हल्ली लिआंगशानच्या डोंगरातली, शिनजियांगमधली पोरं हेरून त्यांना घडवतो. ली टिएचं काय झालं, वाचलंस ना? राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि लाचखोरीत डिसेंबर 2024मध्ये त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. चिनी फुटबॉल का बुडाला, हे विचारायला आपल्याला फार लांब जायला नको.

तर एक नाव दिलं. आता आपल्याकडचा असा एक बॅक तू सांग, जो प्रीमियर लीगमध्ये सहा हंगाम टिकला. वाट बघतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिन्या