गुणवंतांच्या यादीबाहेरची हुशारी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात गुणवंतांचे फोटो पानभर झळकतात. पेढा भरवणारे आईवडील, शाळेचं नाव, टक्केवारी. ते जरूर छापावेत. त्या मुलांनी कष्ट केलेले असतात, आणि त्यात एखाद्या विडी कामगाराची मुलगी असली की सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात दोन दिवस दुसरा विषय नसतो. मला लिहायचं आहे ते फोटोत त्या मुलीशेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईबद्दल. बातमीत तिच्या वाट्याला बहुतेक वेळा दोनच शब्द येतात: ‘अशिक्षित असूनही’.

मी लोकांचे फॉर्म भरून देण्याचं काम करते. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पेन्शन, ई-श्रमची नोंदणी. यांतल्या बऱ्याच फॉर्मांत ‘शिक्षण’ हा रकाना असतो. समोर बसलेली बाई माझ्याशी मराठीत बोलते, बरोबर आलेल्या सुनेला तेलुगूत काहीतरी बजावते, मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या खालांची उर्दूत विचारपूस करते आणि मधेच फोन आला की अक्कलकोटच्या विहीणबाईंना कन्नडमध्ये लग्नाची तारीख कळवते. चारही भाषा तिने चाळीत, बाजारात, कारखान्यात ऐकून कमावल्या आहेत. कुठल्या भाषेत कुणाशी किती अदबीने बोलायचं हेही तिला पक्कं ठाऊक आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात किंवा अधिक वर्षांच्या ज्या व्यक्तीला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं ती साक्षर. या बाईला चारांपैकी एकीतही लिहिता येत नाही, म्हणून मला ‘निरक्षर’ निवडावं लागतं. व्याख्येत चूक नाही, साक्षरता मोजायची तर ती अशीच मोजावी लागेल. पण चार भाषा सांभाळणाऱ्या डोक्याची नोंद व्हायला दुसरी जागाच नाही. मग हळूहळू ती बाईसुद्धा धरून चालते की आपल्याला काही येत नाही. ‘मला काय कळतंय बाई, तुम्हीच लिहा’ हे वाक्य मी रोज ऐकते, आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो.

विडीचंच बघा. पान आणि तंबाखू वजनावर मिळतात आणि त्यातून ठरलेल्या संख्येइतक्या विड्या भरून द्याव्या लागतात. पान कमी पडलं तर पदरचे पैसे घालून आणायचं. त्यामुळे खरी परीक्षा पान कापण्यात असते. भिजवून मऊ केलेल्या तेंदूच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कडेने कात्री फिरवायची, काम दिसायला एवढंच. पण फर्मा ठेवायचा कुठे? जाड शीर मधे आली तर वळताना पान फाटतं. कुठे भोक असतं, कुठे कड किडीने खाल्लेली असते. आमच्या शेजारच्या मावशी पान उजेडाकडे धरतात, एकदा उलटं करतात, आणि मला जिथे दोन तुकडे दिसतात तिथे तीन काढतात. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मोठा तुकडा आधी काढला की संपलं. आधी कोपरे बघायचे, मधलं कुठं पळून जातंय?” बुद्धिमापनाच्या चाचण्यांत आकृत्या जुळवण्याचे प्रश्न घड्याळ लावून सोडवायला देतात. मावशी तसलंच कोडं दिवसभर सोडवत असतात, दर वेळी वेगळ्या आकाराचं पान घेऊन, आणि चुकलं तर नुकसान त्यांच्या मजुरीतून जातं. पावसाळ्यात तंबाखू दमट झाला की चिमटीचं मापसुद्धा बोटं आपोआप बदलतात. विडीच्या धंद्याने या बायकांच्या पाठीचं आणि छातीचं काय होतं हा फार गंभीर विषय आहे, आणि मला त्या धंद्याचं कौतुक मुळीच करायचं नाही. कौतुक त्या डोक्याचं आहे. ते डोकं दुसऱ्या कुठल्या कामाला लागलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

हे मी मायेपोटी लिहितेय असं कुणाला वाटू नये. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तीन संशोधकांनी बाजारात विक्री करणाऱ्या मुलांच्या गाड्यांवर गिऱ्हाईक बनून हिशोब घातले. तो अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, नारळ ३५ क्रुझेरोंना (तिथलं तेव्हाचं चलन), तर दहा नारळांचे किती? त्याने पस्तीसवर शून्य दिलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, अजून चार हवेत, असं करत ३१५ आणि मग ३५० वर पोचला. गाडीवर या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. पुढे त्याच मुलांना तसलेच हिशोब नुसते आकडे मांडून विचारले, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर घसरली. मुलं पाचच होती, अभ्यास लहान होता. तरी मुलगा तोच आणि हिशोबही तसलेच, फक्त विचारण्याची तऱ्हा बदलली, एवढ्यावर तो हुशारचा ‘ढ’ झाला. आपल्या लक्ष्मी मंडईत संध्याकाळी आईला मदत करणारी पोरंपोरी बघा. पावणेदोन किलो वांगी, अर्धा किलो मिरची, वरची कोथिंबीर, पाचशेची नोट, आणि गिऱ्हाइकाने पिशवी उघडायच्या आत सुटे पैसे हातात. त्याच पोरी दुसऱ्या दिवशी शाळेत अपूर्णांकाच्या तासाला मान खाली घालून बसलेल्या असतात. गणित त्यांना येतं. ते त्यांना येतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि माग. सोलापुरात राहून मागाबद्दल न लिहिणं मला जमणार नाही.

माझ्या माहितीतले एक जॉबर आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यात माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर, हे नव्या वाचकांसाठी सांगते. शेडमध्ये सगळे माग एकदम सुरू असले की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या गदारोळात हे दारातून आत येत येत एका मागाकडे वळायचे, चौकटीवर तळहात ठेवायचे आणि सांगायचे की धोटा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तुकडा) पेटीत उशिरा पोचतोय, फटका देणाऱ्या काठीचा पट्टा सैल झालाय. माग तेव्हा चालू असायचा, कापडही ठीक येत असायचं. पण धोटा असाच मागे पडत गेला तर कधीतरी ताण्यात, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांत, अडकणार, शेकडो तार एका झटक्यात तुटणार, आणि ते सांधत बसण्यात दिवस जाणार. हे घडायच्या आधी त्यांना हाताला कळायचं. डॉक्टरला नाडीवरून निदान करता आलं तर आपण त्याचं नाव गावभर करतो. हे जॉबर सातवी नापास आहेत. त्यांचा कारखाना बंद पडला आणि आता ते एका अपार्टमेंटच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात.

जॅकार्ड मागावर चादरीवरचं मोराचं चित्र विणताना पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्याला एकेक कार्ड. भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. आहे किंवा नाही, एवढ्या दोन खुणांत आख्खा मोर लिहायचा. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ मध्ये हा माग आणला. याच भोकांच्या कार्डांवरून १८३०च्या दशकात इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांना आपल्या गणनयंत्राला हुकूम कसे द्यायचे हे सुचलं. जॅकार्ड यांचं रेशमात विणलेलं चित्र बॅबेजनी संग्रही ठेवलं होतं, ते विणायला सुमारे २४ हजार कार्डं लागली होती. १८९०च्या अमेरिकन जनगणनेची मोजदाद हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी भोकांच्या कार्डांवरच केली. म्हणजे आलेखाच्या कागदावरची नक्षी चौकट चौकट वाचून कार्डाला भोकं पाडणारा आपल्या पेठेतला कारागीर जे करत होता, ते संगणकाच्या कुळातलंच काम होतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे. त्या कारागिराला मात्र आजही कागदोपत्री ‘मजूर’ म्हणतात.

बुद्धीची चाचणी तयार करणारे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांचा हेतू माणसांना असं हुशार आणि ‘ढ’ यांत वाटण्याचा नव्हता. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी ती केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी म्हणजे कायमचा ठरलेला आकडा, या समजुतीला त्यांनी विरोधच केला होता. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धिमत्ता एक नसून अनेक आहेत अशी मांडणी केली, तिला मोजमापाचा पुरेसा आधार नाही असा आक्षेप अनेक मानसशास्त्रज्ञ घेतात, आणि मला तो रास्त वाटतो. प्रत्येक कसबाला ‘बुद्धिमत्ता’ म्हणत सुटलं तर शब्दाला अर्थच उरणार नाही. पण मावशींचा फर्मा, जॉबरांचा तळहात यांत अंदाज आहे, पडताळणी आहे, चूक झाली तर सुधारणं आहे. विचार करणं याहून वेगळं काय असतं?

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलत गर्दीतून निघतात तेव्हा आख्खं शहर रस्त्यावर उभं राहून बघतं. वाऱ्याचा झोत, काठीचा झोक, पुढच्याच्या पावलाचा वेग, सगळं एकाच वेळी ध्यानात ठेवायचं. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. म्हणजे शरीरात मुरलेलं ज्ञान ओळखायची नजर आपल्याकडे आहे. वर्षातले बाकीचे दिवस ती नजर कुठे जाते?

म्हणून काही मागण्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवावेत असं म्हटलेलं आहे. सोलापुरातल्या शाळांनी ते दिवस सहलीत न घालवता यंत्रमागाच्या शेडमध्ये, कार्ड पंचिंगच्या टेबलाशी, बाजार समितीत हाताने चाचपून कांद्याचा टिकाऊपणा सांगणाऱ्यांसोबत घालवावेत. आणि कारागिराला त्या दिवसांचं मानधन द्यावं, पाहुण्या व्याख्यात्याला देतात तसं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. जुने जॉबर आणि ताणा सांधणाऱ्या बायका यांच्यासाठी इथे त्याची खास शिबिरं घ्यावीत, पूर्व भागात, संध्याकाळी, आणि परीक्षा लेखी नको. शिवाय धोट्याचे माग भंगारात निघून नव्या तऱ्हेचे बिनधोट्याचे माग येत आहेत, तोवर ज्यांना मागाचा आवाज कळतो त्यांचं बोलणं कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवलं पाहिजे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणून देता येईल.

आपल्या दैनिकाकडे विनंती अशी की पुढच्या निकालाच्या पुरवणीत गुणवंतांच्या पानासमोर एक पान त्यांच्या आईवडिलांना द्यावं. कष्टांची कहाणी नको, ती छापून येतेच. ते काम करताना विचार कसा करतात हे विचारावं: पान कसं निवडता, तार तुटणार हे कशावरून कळतं, चौघांचा उधारीचा हिशोब डोक्यात कसा ठेवता. आपला प्रतिनिधी यायला तयार असेल तर मी त्याला घरोघरी घेऊन जाईन. विडीवाल्या मावश्या माल जमा करून दुपारी परततात, त्यानंतर तासभर तरी त्या निवांत बोलतात. तेलुगूतून मराठीत सांगायला मी सोबत असेन.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती)
पूर्व भाग, सोलापूर