तक्रार पत्र: रोजच्या लेन्सच्या पट्टीतून एक पाकीट तोडताना शेजारच्या पाकिटाचे सील उघडे पडते

प्रति,
व्यवस्थापक,
गुणवत्ता नियंत्रण व ग्राहक तक्रार विभाग

विषय: एकदिवशी सॉफ्ट लेन्सच्या पट्टीवरील छिद्ररेषा सरकलेली असल्याबाबत

महोदय,

आपल्या ३० लेन्सच्या खोक्यातील पट्ट्यांबद्दल फोनवर तक्रार केली तेव्हा ‘पाकीट तोडताना काळजी घ्यावी’ एवढेच उत्तर मिळाले. ते आम्हाला मान्य नाही. दोष तोडणाऱ्याच्या हातात नाही. पाकिटे सील झाल्यावर ती सुटी करता यावीत म्हणून फॉइलवर जे पाते चालते, दोष तिथे आहे. असे का म्हणतो ते तपशिलाने लिहितो, म्हणजे आपल्या उत्पादन विभागाला थेट त्या जागी पाहता येईल.

आपल्या पट्टीत पॉलिप्रॉपिलीनच्या पाच वाट्या सुट्याच असतात. त्यांना एकत्र धरून ठेवते ते वरचे अखंड ॲल्युमिनियम फॉइल. दोन वाट्यांच्या कडांमध्ये जेमतेम एक-दीड मिलिमीटरची फट असते आणि छिद्ररेषा, म्हणजे पाकीट तोडण्यासाठी फॉइलवर पाडलेल्या बारीक कटांची रेषा, त्या फटीवरच यायला हवी. ती सरकून वाटीच्या कडेवर गेली, तर तिथे फॉइल खालच्या प्लास्टिकला चिकटलेले असते. मग ओढ बसली की फॉइल रेषेवर तुटण्याऐवजी कडेवरून सोलले जाते आणि फाट लेन्सभोवतीच्या गोल सीलकडे धावते.

एकाच बॅचची १० खोकी तपासली. ६० पट्ट्या, प्रत्येकीत ४ जोड, म्हणजे २४० जोड. प्रत्येक वेळी पट्टी टेबलावर सपाट ठेवली, दोन्ही वाट्यांच्या कडा चिमटीत धरल्या, जोड एकदा वर व एकदा खाली दुमडला आणि मगच एका टोकाकडून सावकाश फाडला. तरीही ३१ जोडांवर फाट शेजारच्या पाकिटावर गेली. या ३१ पैकी २७ वेळा तो पट्टीतला दुसरा जोड होता (छापील मजकूर सुलट धरून डावीकडून मोजल्यास). व्हर्नियरने मोजले असता दुसऱ्या जोडावरची रेषा फटीच्या मध्यापासून ०.८ ते १.१ मिमी उजवीकडे, म्हणजे तिसऱ्या वाटीच्या कडेवर आहे. बाकीचे तीन जोड जागच्या जागी आहेत.

पट्टीच कटिंग यंत्राच्या खाचेत तिरकी किंवा पुढे-मागे बसली असती, तर चारही रेषा सारख्या सरकल्या असत्या. फॉइल ताणले गेले असते, तर पहिल्या जोडापासून चौथ्यापर्यंत चूक वाढत गेली असती. इथे एकच जोड, एकाच दिशेला, बहुतेक पट्ट्यांत. याचा अर्थ कटिंग स्टेशनवरील एकच पाते ढिले होऊन सरकले आहे किंवा बदलताना चुकीचे बसवले गेले आहे. शिवाय त्या जोडावर फॉइलची किनार कुरतडल्यासारखी आहे, कट अपुरे आहेत आणि मधले न कापलेले दुवे इतर जोडांपेक्षा रुंद आहेत. पाते बोथट असले की असेच होते. दुवे रुंद, म्हणून जोर जास्त, आणि जास्त जोराने फाट रेषेबाहेर. सरकलेले आणि बोथट, दोन्ही एकाच पात्यावर जुळून आले आहे.

सील खरोखर उघडे पडले का, हे पाहण्यासाठी त्या ३१ पाकिटांच्या फाटक्या किनारीवर फ्लोरोसिन या निळ्या प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचा ओला थेंब २४ तास ठेवला. नंतर किनार धुऊन, पुसून, वाळवून पाकीट उघडले व निळ्या प्रकाशात पाहिले. ६ पाकिटांत द्रव हिरवट चमकला आणि लेन्स पिवळी पडली होती. न फाटलेल्या ३१ पाकिटांवर हीच कृती केली, त्यांपैकी एकातही रंग गेला नाही.

यातली खरी काळजीची गोष्ट अशी की आज उघडायच्या लेन्सचे काहीच बिघडत नाही, कारण ती लगेच डोळ्यांत जाते. सील जाते ते शेजारच्या, उद्या-परवा वापरायच्या पाकिटाचे, आणि वरून ते धडधाकट दिसते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसवर निर्जंतुक केलेली लेन्स मग बाथरूमच्या फळीवर, जंतूंना आत जायची वाट उघडी असताना, पडून राहते. सुडोमोनस (जिवाणू) किंवा अकँथामीबा (पाण्यातला अमीबा) बुबुळाला काय करतात, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

आमच्या मागण्या अशा. या बॅचच्या सर्व शिल्लक खोक्यांची विनाशुल्क बदली करावी आणि इतर विक्रेत्यांनाही कळवावे. दुसऱ्या पात्याची जागा, धार व ते शेवटचे बदलल्याची तारीख तपासून त्याआधीचा व नंतरचा माल वेगळा काढावा. गळती चाचणी अखंड पट्टीवर करून भागत नाही. पट्टी तोडल्यावर, सुट्या पाकिटांवर ती घ्यावी, कारण ग्राहकाच्या हातात ती तशीच येतात. यंत्र बदला असे आम्ही म्हणत नाही. लेसरने फॉइलच्या वरच्या प्लास्टिक थरावर रेघ पाडण्याची पद्धत चांगली आहे, पण जागा चुकली तर तीही याच कडेवर पडेल. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पहिल्या पट्टीचे चारही जोड भिंगाखाली मोजले असते, तरी हे तिथेच पकडले गेले असते.

तोडलेल्या पट्ट्या जोडानुसार क्रमांक घालून व न उघडलेली २ खोकी सोबत पाठवत आहोत. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया या सरकारी कार्यक्रमाकडेही या दोषाची नोंद करत आहोत. कारणमीमांसा व केलेली दुरुस्ती १५ दिवसांत लेखी कळवावी. तोवर या बॅचची विक्री आम्ही थांबवली आहे.

आपले,
ऑप्टोमेट्रिस्ट व व्यवस्थापन,
चष्मा व लेन्स विक्री केंद्र, कोल्हापूर