सूचना : रविवारी गणपत गल्लीत बारा फ्रेमची फोटोफेरी

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 7 वाजता बेळगावच्या धर्मवीर संभाजी चौकात फिल्म कॅमेरे घेऊन जमायचं. तिथून गणपत गल्ली, मग खडेबाजार. प्रत्येकाला 120 चा (रुंद फिल्मचा) एकच रोल, म्हणजे सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बाराच फ्रेम, बाराच फोटो. उगाच खटाखट नको.

रोल सावलीतच भरा. फिल्मच्या पाठीमागच्या कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळल्याशिवाय मागचं झाकण लावू नका. संपल्यावर घट्ट गुंडाळून लगेच पट्टी चिकटवा. मागच्या फेरीत माझा रोल सैल राहिला, कडेनं उजेड शिरला आणि गजरे विकणाऱ्या मावशींचा अर्धा चेहरा गेला. हसू मात्र तेवढं वाचलं!

उजेड मोजणारा मीटर बंद असेल तर 400 आयएसओच्या फिल्मला कडक उन्हात शटर 1/500 सेकंद आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ 16. गल्लीच्या सावलीत 1/250, एफ 8. याशिका-रोलीफ्लेक्सवाल्यांनो (दोन भिंगांचे कॅमेरे), वरून काचेत बघताना डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे सायकलवाला हमखास निसटतो. घरी सराव करून या.

जवळून काढताना विचारा, मराठीत किंवा कन्नडमध्ये, जमेल तसं. कॅम्पात (छावणी भागात) लष्करी हद्दीकडे कॅमेरा वळवायचा नाही. शुक्रवारपर्यंत कळवा; माझ्याकडे जादा रोल दोनच आहेत.