रिपेअरिंगवाल्या काकांना, डिलनच्या एलपीबद्दल

काका, हे समोर येऊन सांगितलं असतं तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषयच मिटवला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. थँक्यू. टर्नटेबलच्या बेल्टसाठी तर आहेच (मजुरी घेतली नाहीत, त्यावर मी वेगळा भांडणारे) पण खरं थँक्यू टेस्टिंगला म्हणून जी रेकॉर्ड लावलीत आणि नंतर "घेऊन जा, नीट ऐक" म्हणालात त्यासाठी.

अमेरिकन गायक बॉब डिलनची बॉब डिलन्स ग्रेटेस्ट हिट्स, 1967 ची, म्हणजे आधीच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. आमच्या ग्रुपमधले लोक ग्रेटेस्ट हिट्स म्हटलं की नाक मुरडतात, म्हणे खऱ्या फॅनने ओरिजिनल अल्बमच ऐकावेत. आता कंपनीचा हिशोब त्यात होताच, जुलै 1966 मध्ये वुडस्टॉकजवळ मोटरसायकलवरून पडल्यावर डिलन घरी बसला, टूर बंद, नवीन अल्बम नाही, मग त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, कोलंबियाने, पुढच्या मार्चमध्ये ही दहा गाणी काढली. तुम्ही वाद घातलाच नाहीत, नुसतं म्हणालात, क्रम बघ.

तर क्रम. सुरुवातच रेनी डे विमेनने, 1966 चं गाणं, ड्रम, ट्रॉम्बोन, मागे लोक हसतायत ओरडतायत, वरातीतला बँड रात्री बाराला वाजतो ना तसं. आणि ते संपतंय तोच ब्लोइंग इन द विंड, एक गिटार, एक माउथऑर्गन, एकवीस वर्षांचा पोरगा. तारखेप्रमाणे लावली असती तर आधी फोक मग रॉक अशी सरळ वाटणी झाली असती, आणि 1965 मध्ये न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलला इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली तेवढाच किस्सा डोक्यात राहिला असता. इथे सगळं मिसळलंय त्यामुळे कळतं की वाद्यं बदलली तरी ओळीच्या शेवटी शब्द ओढायची खोड तीच आहे!

पहिल्या बाजूच्या शेवटी लाइक अ रोलिंग स्टोन, तिथे तुम्ही सोल्डरिंग गन खाली ठेवलीत आणि बोट वर केलंत, "ऑर्गन ऐक, किंचित मागून येतोय." अल कूपर रेकॉर्डिंगला आला होता गिटारवाला म्हणून, हळूच जाऊन बसला ऑर्गनवर, बाकीचे कुठल्या कॉर्डवर जातायत ते ऐकून मग हा दाबतोय. हे गाणं मी शेकडो वेळा मोबाइलवर ऐकलंय काका, पण ते मागून येणं तुमच्या दुकानात पहिल्यांदा ऐकू आलं. आता तेवढंच ऐकू येतं.

कव्हरबद्दल काय बोलायचं, निळा लाइट, केसांमागून उजेड, रोलंड शेरमनचा फोटो, ग्रॅमी मिळाली त्या कव्हरला. पण आत घडी घालून ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझरचं पोस्टर यायचं ते अजून आत आहे हे बघून मी उडालोच, काळा चेहरा आणि रंगीबेरंगी केस, घड्यांवर थोडं विरलंय. इतकी वर्षं भिंतीला न चिकटवता कसं ठेवलंत? मला जमलं नसतं.

रेकॉर्ड पुसून, पोस्टर होतं तसंच घडी घालून रविवारी आणून देतो. 1971 चा व्हॉल्यूम टू, तो डबलवाला, माळ्यावर आहे म्हणालात ना, तेवढा काढून ठेवा. आणि मजुरी घ्यायची.