सिंहगडाचा रविवार सोडवा : पालकमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, पुणे जिल्हा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सिंहगडाच्या घाटात जळक्या क्लचचा वास सुटतो. गाडीत पाच माणसं, डिकीत चटई-डबे, एसी चालू. पुढची गाडी दोन फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. चढावर हँडब्रेक न ओढता चालक गाडी हाफ क्लचवर धरून ठेवतो. क्लच प्लेट घासत राहते, तापते आणि नेमक्या एखाद्या अवघड वळणावर गाडी जागची हलेनाशी होते. मग मागच्या दुचाक्या डाव्या-उजव्या अंगाने पुढे घुसतात, वरून उतरणारी गाडी समोर येऊन ठेपते आणि कुणालाच मागे घ्यायला जागा उरत नाही. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम आहे, पण तो पाळायलाही चार हात मोकळी जागा लागते. एक गाडी बंद पडली की दोन्ही दिशा बंद, आणि आत अडकलेल्यांत तान्ही मुलं असतात, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आजोबा असतात.

पुणेकराला वर्षभरात जे थोडे मोकळे दिवस मिळतात, त्यातले किती तरी या रांगेत जातात. सिंहगड शहरापासून जेमतेम 30 किलोमीटरवर आहे. मुक्काम करावा लागत नाही, फार पैसे लागत नाहीत. सकाळी निघून पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, तानाजींची समाधी बघून, देवटाक्याचं पाणी पिऊन, पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळी घरी येता येतं. तीन पिढ्या एकत्र जाऊ शकतील अशी दुसरी जागा शहराच्या इतक्या जवळ नाही. म्हणून आमची मागणी एकच आहे. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गोळेवाडी नाक्याच्या वर खासगी चारचाकी सोडू नयेत आणि त्याऐवजी दर पाच मिनिटांनी बस सोडावी.

हे एकदा करून झालं आहे, असं आपले अधिकारी सांगतील. मे 2022 मध्ये पीएमपीच्या (पीएमपीएमएल, पुण्याची शहर बससेवा) ई-बस गडावर सुरू झाल्या, खासगी वाहनं थांबवली गेली आणि त्याच महिन्यात ती सेवा गुंडाळावी लागली. पण त्यावरून घाटात बस चालत नाही असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. बस किती लागतील, त्या चार्ज कुठे होतील आणि उतरणारी माणसं कुठे थांबतील, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. म्हणून हिशेब मांडतो.

घाटात उभ्याने प्रवासी नेऊ नयेत. 30 आसनांची छोटी बस धरली आणि दर पाच मिनिटांनी एक सोडली, तर तासाला 12 फेऱ्या, म्हणजे 360 माणसं वर जातात. तेवढ्याच माणसांना चौघांच्या हिशेबाने 90 मोटारी लागतात. चढायला 30 मिनिटं, उतरायला 30, दोन्ही टोकांना चढउतारीसाठी पाच-पाच धरली तर एका बसची फेरी 70 मिनिटांची होते. 70 भागिले पाच, म्हणजे 14 बस सतत फिरत्या हव्यात. दोन चार्जिंगला उभ्या आणि दोन राखीव धरून 18. यातल्या चारच बस आणल्या तर अंतर साडेसतरा मिनिटांवर जातं, रांग वाढते, लोक चिडतात आणि चार रविवारांत योजना बुडते. कमी बसनिशी सुरू करायची असेल तर सुरूच करू नका, इतकं स्पष्ट सांगतो. रविवारी कार्यालयांच्या मार्गांवर फेऱ्या कमी लागतात, त्यामुळे 18 बस एका दिवसापुरत्या काढणं अशक्य नाही.

विजेचं गणितही साधं आहे. पायथ्यापासून वाहनतळापर्यंतचा उभा चढ 600 मीटरच्या आसपास धरा. प्रवाशांसकट 12 टनांची बस तेवढी वर उचलायला सुमारे 20 युनिट लागतात. त्यात चाकांचं घर्षण, एसी आणि मोटरमधली गळती वेगळी. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालते आणि काही वीज बॅटरीत परत येते, पण सगळी येत नाही. म्हणजे सकाळी भरलेली बॅटरी दुपारी उतरणारच. बस चार्ज करायला पुन्हा शहरातल्या आगारात पाठवली तर निम्मा दिवस हातचा जातो. त्यासाठी चार्जर गोळेवाडीतच हवेत आणि त्यांना पुरेल एवढा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर हवा. तो बसेपर्यंत छोट्या डिझेल बस चालवा आणि चालक एसटीचे मागून घ्या. वरंध, ताम्हिणी हे घाट रोज उतरणारी ही माणसं आहेत. शहरातल्या चालकाला सरावाच्या फेऱ्या दिल्याशिवाय या घाटात पाठवू नये.

उतरणाऱ्यांचा प्रश्न चढणाऱ्यांपेक्षा अवघड आहे. सकाळी माणसं विखरून येतात, पण दुपारी एकच्या पुढे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर सगळ्यांना एकदमच खाली जायचं असतं. म्हणून वर जाण्याच्या तिकिटावरच परतीची अर्ध्या तासाची वेळ छापावी. चार ते साडेचार, साडेचार ते पाच, अशी. वेळ चुकली तर दंड नको, फक्त रांगेत मागे. पाचच्या आधी सहा बस वरच्या तळावर येऊन उभ्या असाव्यात. रांगेवर छप्पर हवं आणि म्हाताऱ्यांना टेकायला बाक हवेत. हे छोटं वाटेल, पण भर उन्हात नातवाला कडेवर घेऊन चाळीस मिनिटं उभी राहिलेली आजी पुढच्या वेळी बसचं नाव काढणार नाही.

दुचाक्या सुरुवातीला बंद करू नयेत, असं आमचं मत आहे. सगळंच एकदम बंद केलं तर 18 बस पुरणार नाहीत. मात्र बिनगिअरच्या स्कूटरवर तिघं बसून उतरणं जिवावरचं आहे. अशा गाडीला इंजिनाचा ब्रेक फारसा मिळत नाही, सगळा भार ब्रेक शूवर येतो, ते तापून गुळगुळीत होतात आणि शेवटच्या वळणांवर लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. नाक्यावरच तिसरा माणूस उतरवून बसमध्ये बसवावा.

स्थानिक रहिवासी, गडावर माल नेणारी वाहनं, अपंग व्यक्तींच्या गाड्या आणि रुग्णवाहिका यांना अर्थातच वाट मोकळी हवी. आणि पायथ्याच्या जीपवाल्यांना वगळून काही करू नका. त्यांची रोजीरोटी याच रविवारवर आहे आणि हा घाट त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या जीपना क्रमांक द्या, दर ठरवा, माणसं मोजून बसवायला लावा आणि बसच्याच रांगेत घ्या. ते सोबत आले तर आणखी पाच-सहा बसची क्षमता फुकट मिळते.

एक गोष्ट नेहमी निसटते. गडाला एकच वाट नाही. खेड शिवापूरकडून येणारी वाहनं कोंढणपूरच्या बाजूने घाटाला लागतात. एका नाक्यावर गाड्या अडवल्या आणि दुसरा मोकळा राहिला तर वरचं वाहनतळ तासाभरात भरतं. दोन्ही नाक्यांवर एकच नियम आणि एकच आकडा हवा. तसंच ‘गड भरला’ ही पाटी गोळेवाडीत लावून उपयोग नाही. तिथवर आलेल्या माणसाला गाडी वळवायलाही जागा नसते. ती पाटी खडकवासल्याच्या अलीकडे, नांदेड फाट्याला लागली पाहिजे.

शहरातून गोळेवाडीपर्यंत कसं यायचं? मेट्रो 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत येते. पीएमपीची 50 नंबरची बस सिंहगडाच्या पायथ्याला जाते, पण तो पायथा म्हणजे आतकरवाडी, जिथून पायवाट सुरू होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे उतरून काय फायदा? रविवारी स्वारगेटहून थेट गोळेवाडी नाक्यापर्यंत वेगळी बस सोडावी आणि घाटातल्या बसचं तिकीट तिच्यातच असावं. दराचाही विचार व्हावा. पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीचा एक दिवसाचा पास जून 2025 पासून 150 रुपयांना आहे, म्हणजे चौघांचे 600. तेच कुटुंब मोटारीने आलं तर 60 किलोमीटरला चार लिटर पेट्रोल, सव्वाचारशे-साडेचारशे रुपये आणि वर नाक्याचं शुल्क. बस मोटारीपेक्षा महाग पडली तर कोण बसेल? चौघांसाठी 300 रुपयांचा रविवारचा कुटुंब पास काढावा.

गडावरच्या पिठलं-भाकरीवाल्यांना बसमुळे गिऱ्हाईक कमी होईल अशी भीती वाटते. आमचं म्हणणं उलट आहे. भाकरी हा घाईत होणारा पदार्थ नाही. कोमट पाण्यात पीठ चांगलं मळायचं, परातीत थापायची, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर धरून फुगवायची. पाणी सुकल्यावर उलटली तर भाकरीला चिरा पडतात आणि ती फुगत नाही. एका चुलीवर तासाला वीस-पंचवीस भाकऱ्या, फार तर. आज घाट अडतो, मग एकदम सुटतो आणि दीड वाजता शंभर माणसं एकाच वेळी ताट मागतात. मग भाकरी कच्ची राहते, ठेचा संपतो, कांदाभजी थंड तेलात पडून तेलकट होते आणि मातीच्या छोट्या मडक्यातलं दही लागायच्या आत विकावं लागतं. बसने दर पाच मिनिटांनी तीस माणसं आली तर त्याच चुलीवर दिवसभर नीट धंदा होतो. चुलीच्या लाकडासाठी डोंगर तुटू नये, म्हणून या मावश्यांना गॅस सिलिंडर आणि तो सुरक्षित ठेवायची जागा द्यावी. चुलीची चव जाईल, हे मान्य आहे. तरी डोंगर राहिला पाहिजे.

खडकवासला चौपाटीबद्दल थोडक्यात. रविवारी संध्याकाळी धरणालगत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात, लोक कणीस आणि भजी खायला उतरतात आणि मधे एका गाडीपुरती वाट उरते. पानशेत खोऱ्यातल्या गावांचा शहराकडे येणारा रस्ता हाच आहे, बाळंतीण असो की सर्पदंशाचा रुग्ण. पाण्याच्या बाजूने गाडी लावायला पूर्ण मनाई, दुसऱ्या बाजूला आखलेल्या जागेतच परवानगी आणि दुपारी चार ते रात्री आठ क्रेन तिथे उभी. एवढं पुरे.

पावसाळ्याचं मात्र वेगळं बघावं लागेल. 2017 च्या जुलैमध्ये घाटात दरड कोसळली आणि रस्ता बरेच दिवस बंद राहिला. जुलै-ऑगस्टमध्येच गडावर सर्वांत जास्त गर्दी होते, धुकंही तेव्हाच असतं. हवामान खात्याने घाटमाथ्याला रेड अलर्ट दिला असेल तर शनिवारी रात्री नऊला आणि रविवारी पहाटे पाचला, गड बंद की उघडा, हे एकाच ठिकाणाहून जाहीर व्हावं. आज वन विभाग एक सांगतो, बातमीत दुसरं असतं आणि लोक घरातून निघून चुकलेले असतात. बस असेल तर माणसं किती वर आहेत याचा आकडा तिकिटांवरून कळतो आणि दरड आलीच तर गड शिस्तीत रिकामा करता येतो. मोटारींनी भरलेल्या घाटात ते होणं शक्य नाही.

रोपवेची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. तो होईल तेव्हा होऊ दे, बससाठी त्याची वाट बघायचं कारण नाही.

घाट वन विभागाच्या नाक्यांमधून जातो, गड पुरातत्त्व विभागाचा, बस पीएमपीची, पायथा ग्रामपंचायतींचा, धरणाचा काठ जलसंपदाचा आणि गर्दी पोलिसांची. यांतला कुठलाही एक विभाग ही योजना चालवू शकत नाही. त्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

सलग आठ रविवार हा प्रयोग करावा. दर सोमवारी तीन आकडे जाहीर करावेत : किती माणसं वर गेली, परतीच्या रांगेत सर्वांत जास्त किती वेळ थांबावं लागलं, किती बस घाटात बंद पडल्या. पहिली बैठक मात्र दालनात नको. येत्या रविवारी सकाळी साडेदहाला गोळेवाडी नाक्यावर घ्यावी आणि सगळ्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या गाडीने यावं. हिशेबाचे कागद घेऊन आम्ही तिथे हजर असू.

आपले,
सिंहगडावर नेमाने जाणारे पुणेकर